पडद्याचं लेझर झाल्यावर ओसीटीवर लक्ष कसं ठेवायचं: पेशंट आणि घरच्यांसाठी सविस्तर

मी डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये ओसीटी मशीनवर, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन काढणाऱ्या मशीनवर, काम करते, आणि शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं (रेटिनाचं) लेझर झालेल्या लोकांचं एक म्हणणं सारखं कानावर येतं: लेझर केलं, पैसे गेले, खेपा झाल्या, पण दिसतंय तेवढंच, उलट रात्रीचं जरा कमीच झालंय, मग आता परत कशाला यायचं. आणि बरेच जण खरंच येत नाहीत. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं, कारण पडद्याच्या लेझरचा उपयोग झाला की नाही हे पेशंटला स्वतःला आतून कळतच नाही. पडद्याला दुखत नाही. एक डोळा सावकाश बिघडत असला तरी दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि माणूस पेपर वाचतो, मोबाईल बघतो, सगळं ठीक वाटतं. आत काय चाललंय ते दिसायचा मार्ग एकच, पडद्याची तपासणी आणि स्कॅन. म्हणून हा लेख जरा लांबच लिहितेय, शांतपणे वाचा, घरात कोणाला शुगर असेल तर त्यांनाही वाचून दाखवा. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेनुसार देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे, त्यामुळे हे अगदी कुणाच्याही घरातलं आहे.

आधी लेझर नक्की कुठलं झालंय ते शोधा

"लेझर झालंय" एवढंच सांगून भागत नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की कुठलं लेझर, आणि तिथे बहुतेक लोक गप्प होतात. केस पेपर किंवा डिस्चार्ज कार्ड काढा आणि बघा काय लिहिलंय.

पीआरपी लिहिलं असेल तर मधला भाग सोडून कडेच्या सगळ्या पडद्यावर लेझरचे डाग दिलेत. शुगरने बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, तिथल्या पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, तो व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो आणि त्यामुळे नको तिथे नाजूक नवीन रक्तवाहिन्या उगवतात, ज्या पुढे फुटून डोळ्यात रक्त पसरतं. लेझरने कडेच्या पडद्यातल्या काही पेशी मुद्दाम बंद केल्या जातात म्हणजे ऑक्सिजनची मागणी कमी होते, ते रसायन कमी होतं आणि नवीन वाहिन्या सुकतात. जुन्या पद्धतीत एका डोळ्याला साधारण १२०० ते १६०० डाग देतात, दोन-तीन बैठकांत. पॅटर्न लेझर असेल, ज्यात पायाचं पेडल एकदा दाबलं की अनेक डाग पटापट पडतात, तर प्रत्येक डाग फक्त २० मिलिसेकंदांचा आणि लहान असतो म्हणून आकडा बराच जास्त लागतो. त्यामुळे शेजारच्या काकांना १५०० दिले आणि मला अडीच हजार का, असं घाबरायचं कारण नाही.

फोकल किंवा ग्रिड लिहिलं असेल तर मॅक्युलाजवळची, म्हणजे बारीक बघायला लागणाऱ्या पडद्याच्या मधल्या भागाजवळची, सूज कमी करायला दिलेलं लेझर, डाग थोडे आणि हलके. मायक्रोपल्स लिहिलं असेल तर तेही सुजेसाठीच, पण त्यात लेझर इतकं तुकड्या-तुकड्यात सोडतात की पडदा भाजत नाही. आणि बॅराज म्हणजे पडद्याला भोक किंवा फाट असेल तर तिच्याभोवती कुंपणासारख्या डागांच्या ओळी. बॅराजचा शुगरशी संबंध नाही, जास्त मायनस नंबरवाल्या तरुण मुलांमध्येही करतात, आणि त्याची पकड पक्की व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्याच्यावर लक्ष मुख्यतः बाहुली मोठी करून कडेचा पडदा बघून आणि वाइड-फील्ड फोटोने ठेवतात, मधल्या भागाच्या ओसीटीचा त्यात फारसा रोल नाही, म्हणून बॅराजबद्दल इथे थांबते.

या सगळ्याची सुरुवात सूर्यग्रहणातून झालीये. १९४५ च्या ग्रहणात सूर्याकडे बघून पडदा भाजलेला पेशंट जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ या डॉक्टरांनी बघितला आणि त्यांच्या डोक्यात आलं की भाजल्यावर जर पडदा चिकटतो तर आपण मुद्दाम, मोजून भाजून भोक बंद करू शकू. आधी सूर्यप्रकाश, मग झेनॉनचा दिवा, आणि १९६० मध्ये लेझर आल्यावर आजची पद्धत. १९७६ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झालं की पीआरपीने नजर अगदी जाण्याचा धोका निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी होतो, आणि १९८५ मध्ये मॅक्युलाच्या लेझरबद्दलही तसंच, की सुजेमुळे नजर घटण्याचा धोका साधारण निम्मा होतो. दोन्हीत नीट बघा, फायदा "नजर जाण्यापासून वाचली" असा मोजलाय. नजर वाढणं हा हिशोब त्यात मुख्य नव्हताच. घरच्यांनी हे लेझरच्या आधी पेशंटला सांगितलं तर नंतरची अर्धी नाराजी होणारच नाही असं मला मनापासून वाटतं.

लेझरच्या आधीचा स्कॅन जपून ठेवा

ओसीटी म्हणजे प्रकाशाने केलेली पडद्याची सोनोग्राफी म्हटलं तरी चालेल, फक्त आवाजाच्या जागी इन्फ्रारेड प्रकाश, आणि बारकावा इतका की ५ ते ७ मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर वेगळे दिसतात. १९९१ मध्ये एमआयटीमधल्या टीमने याचा पहिला पेपर छापला. म्हणजे वरचे ते दोन मोठे अभ्यास झाले तेव्हा हे मशीन नव्हतंच, सूज आहे की नाही ते डॉक्टर स्लिट लॅम्पवर भिंग धरून डोळ्यांनी ठरवायचे. आता आकडा मिळतो, थर दिसतात, आणि महिन्या-महिन्याची तुलना करता येते. पण तुलना करायला आधीचं काहीतरी हवं ना.

म्हणून लेझरच्या आधी मधल्या भागाचं ओसीटी झालंच पाहिजे असा माझा आग्रह असतो, पीआरपी असलं तरी. लोक म्हणतात लेझर तर कडेला देणार मग मधला स्कॅन कशाला. याला सरळ कारण आहे: पीआरपीनंतर काही डोळ्यांत मॅक्युला तात्पुरता सुजतो आणि आधीच थोडी सूज असेल तर ती वाढू शकते. आधीचा स्कॅन असेल तर डॉक्टर ठरवू शकतात की आधी डोळ्यात इंजेक्शन (त्या व्हीईजीएफला अडवणारं) द्यायचं, की लेझरच्या बैठका लांबवायच्या. तो नसेल तर नंतर दिसलेली सूज जुनी की लेझरची, हे कुणालाच सांगता येत नाही.

आधीच्या सेटमध्ये काय काय असावं? दोन्ही डोळ्यांचं मॅक्युला ओसीटी, पडद्याचे रंगीत फोटो, चष्मा लावून वाचलेल्या तक्त्याची नोंद म्हणजे ६/१२, ६/१८ असं जे लिहितात ते, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर एफएफए म्हणजे हातातून पिवळा डाय सोडून काढलेले फोटो. डायने एक दिवस लघवी पिवळीधमक होते, कातडीवरही पिवळट झाक येते, त्याला घाबरू नका. थोड्या वेळ मळमळणं कॉमन आहे. पण आधी कुठल्या औषधाची अॅलर्जी आली असेल किंवा दमा असेल, किडनीचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील तर डाय सोडण्याआधी सांगायचंच, नंतर नाही. आणि त्याच आठवड्यातला एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट), बीपी, क्रिएटिनिनचा कागद फाईलमध्ये लावा. पडद्याची सूज नुसती डोळ्यावर अवलंबून नसते, किडनी आणि बीपी बिघडले की पडदाही सुजतो. शुगरच्या काही गोळ्यांनी अंगात पाणी धरतं, पायोग्लिटाझोन ही त्यातली एक, आणि तिच्यावर असलेल्या काहींमध्ये मॅक्युलाची सूज वाढल्याची नोंद आहे. म्हणून गोळ्यांची यादी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा, पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, ते शुगरच्या डॉक्टरांचं काम.

स्कॅन देताना तुमच्या हातात काय आहे

चांगला स्कॅन अर्धा मशीनचा आणि अर्धा पेशंटचा असतो. हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला घट्ट लावा, मागे सरकू नका. आत जी खूण दिसेल तिच्याकडेच बघायचं, मशीनची लाल रेघ फिरायला लागली की तिच्या मागे डोळा जातो, तो जाऊ द्यायचा नाही. सुरू करायच्या आधी आम्ही "दोनदा डोळे मिटा" म्हणतो ते डोळ्यावर पाण्याचा थर नीट पसरावा म्हणून; डोळे कोरडे असतील तर आधी सांगा, लुब्रिकंट थेंब टाकून मग स्कॅन घेतला की फरक लगेच दिसतो. स्कॅन काही सेकंदांचा असतो, श्वास रोखून ताठ बसायची गरज नाही. एका डोळ्याने खूण दिसतच नसेल तर लाजू नका, सांगा, आम्ही दुसऱ्या डोळ्यासमोर बाहेरचा दिवा धरतो.

ओसीटी बाहुली मोठी न करताही बऱ्याचदा होतं, पण पूर्ण तपासणीला थेंब टाकावेच लागतात, आणि त्यानंतर तीन-चार तास जवळचं अंधुक आणि उन्हाचा त्रास. त्या दिवशी टू-व्हीलर घेऊन एकटं येऊ नका, गॉगल किंवा टोपी आणा, एसटीने यायचं असेल तर परतीची वेळ बघून सोबत कुणालातरी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पुढचा प्रत्येक स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा. वजन जसं एकाच काट्यावर करत राहिलं तरच घटलं की वाढलं ते कळतं, तसंच हे. एका कंपनीचं मशीन पडद्याची जाडी एका रेषेपासून मोजतं, दुसऱ्याचं थोड्या खालच्या रेषेपासून, त्यामुळे तोच डोळा, तोच दिवस, आणि आकड्यात १०-२० मायक्रॉनचा फरक सहज पडतो. म्हणूनच अमेरिकेतल्या डीआरसीआर या संशोधन नेटवर्कने "सूज आहे" म्हणायची सीमाच मशीनप्रमाणे वेगळी ठेवली: झाइसच्या सिरस मशीनवर बायकांना २९० आणि पुरुषांना ३०५ मायक्रॉन, हायडेलबर्गच्या स्पेक्ट्रॅलिसवर ३०५ आणि ३२०. मशीन बदलावंच लागलं, गाव बदललं म्हणा किंवा योजनेत दुसरं हॉस्पिटल मिळालं, तर नवीन मशीनवर पहिला स्कॅन म्हणजे नवीन बेसलाइन, तुलनेची नवी सुरुवात, समजायची आणि जुन्या आकड्याशी वजाबाकी करायची नाही.

जुन्या स्कॅनची तीच जागा शोधून तिथेच परत स्कॅन घ्यायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, फॉलो-अप मोड म्हणतात. "मागचा स्कॅन याच मशीनवर आहे, फॉलो-अपमध्ये घ्या" एवढं वाक्य काउंटरवर बोललात तरी पुरे. जमलं तर दिवसाची वेळही साधारण तीच ठेवा, कारण मॅक्युलाची सूज सकाळी उठल्या उठल्या जास्त आणि दिवस चढेल तशी थोडी उतरते, विशेषतः जास्त सूज असेल तेव्हा. एकदा सकाळी नऊला आणि एकदा संध्याकाळी पाचला स्कॅन केला तर घटलेल्या आकड्यात थोडा वाटा नुसत्या वेळेचाही असू शकतो.

रिपोर्ट हातात आला की या क्रमाने बघा

बहुतेक लोक थेट मधल्या आकड्याकडे जातात. थांबा. सगळ्यात आधी नाव, तारीख आणि डोळा, ओडी म्हणजे उजवा आणि ओएस म्हणजे डावा. मग सिग्नलचा आकडा. सिरसवर तो १० पैकी असतो, ६ च्या खाली असेल तर त्या रिपोर्टवर भरवसा कमी. स्पेक्ट्रॅलिसवर क्यू लिहिलेलं असतं, १५ च्या खाली कमजोर, २० च्या वर असेल तर बरं. सिग्नल कमी येण्याची कारणं साधी असतात, मोतीबिंदू, कोरडा डोळा, डोळ्यात रक्त, किंवा पेशंट हलला. मोतीबिंदू वाढत गेला की दर वेळी सिग्नल पडतो आणि तो पडला की जाडीचा आकडाही डगमगतो, त्याला कुणी "लेझर फेल गेलं" म्हणू नये.

मग चित्र. आडवा काप असतो, वर काळी जागा म्हणजे डोळ्यातली जेली, खाली पडद्याचे थर पट्ट्यापट्ट्यांसारखे. निरोगी मॅक्युलाच्या मधोमध एक छान खड्डा दिसतो. तो खड्डा भरून आलाय का, उलटा फुगवटा झालाय का, ते बघा. आत काळे गोल पोकळ कप्पे दिसले तर ते पाणी, सूज. पांढरे चमकणारे ठिपके आणि त्यांच्याखाली सावली असेल तर ती चरबीची साठवण, ज्याला हार्ड एक्झुडेट म्हणतात. ते सूज उतरल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतात, त्यामुळे ते दिसतायत म्हणून नाउमेद व्हायचं नाही. पडद्याच्या अगदी खाली, थरांच्या बुडाशी काळी पट्टी असेल तर पडद्याखाली पाणी. आणि वरच्या बाजूने पातळ पांढरी झिल्ली पडद्याला खेचतेय असं दिसलं तर ते डॉक्टरांना मुद्दाम विचारा, कारण ओढ असेल तर लेझरने ती सूज जात नाही, तिथे कधी कधी ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

चित्रातल्या खालच्या भागात दोन-तीन ठळक पांढऱ्या रेघा असतात. त्यातली एक म्हणजे एलिप्सॉइड झोन, उजेड टिपणाऱ्या पेशींशी संबंधित रेघ. मधल्या खड्ड्याखाली ती सलग असेल तर नजर टिकायची किंवा सुधारायची आशा जास्त. तुटक असेल किंवा गायबच असेल तर सूज पूर्ण उतरली तरी तक्त्यावरच्या ओळी वाढतीलच असं नाही. मला विचाराल तर घरच्यांनी डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न हा आहे, "मधली रेघ शाबूत आहे का?" यावरून पुढच्या अपेक्षा ठरतात, आकड्यावरून तितक्या नाही.

त्यानंतर मशीनने ओढलेल्या रेघा बघा. जाडी मोजायला कॉम्प्युटर पडद्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर रेघ ओढतो. खूप सूज, रक्त किंवा जाड झिल्ली असेल तर तो चुकतो, रेघ मध्येच उडी मारते, आणि मग आकडा खोटा. हे पेशंटलाही दिसू शकतं, फार ज्ञान लागत नाही, रेघ कडेवर बसलीय की हवेत गेलीय एवढंच बघायचं.

आणि आता आकडा. ईटीडीआरएस ग्रिड म्हणजे १, ३ आणि ६ मिलिमीटरची तीन वर्तुळं, नऊ खाने, आणि मधल्या १ मिलिमीटरच्या खान्यातला आकडा म्हणजे सीएसटी. निरोगी डोळ्यात तो मशीनप्रमाणे साधारण २५० ते २८० च्या आसपास असतो. मागच्या वेळी ३९० आणि आता ३८२ म्हणजे कमी झालं म्हणून पेढे वाटू नका, आणि ३९८ झालं म्हणून रात्रभर जागूही नका, १० टक्क्यांच्या आतला फरक मोजण्यातलाच धरायचा. ३९० वरून ३३० ला आलं तर ती खरी बातमी. पण नुसता मधला खाना बघू नका, लेझर बऱ्याचदा मधल्या बिंदूपासून थोडं बाजूला देतात, मग ज्या खान्यात दिलंय तो खाना उतरला का ते बघायचं.

इथे एक अगदी नीट समजून घ्या: आकडा कमी होणं नेहमी चांगलंच असं नाही. खूप वर्षं सुजलेला पडदा शेवटी विरळ होतो, २१०-२२० वर येतो, खड्डाही दिसतो, पण पेशी गेलेल्या असतात. म्हणून आकडा, चित्र आणि तक्त्याची नजर ही तिन्ही सोबत वाचायची, एक एकटं वाचलं की फसगत होते.

रंगांबद्दलही थोडं. जाडीच्या नकाशात लाल-पांढरं म्हणजे जाड आणि निळ्याकडे म्हणजे पातळ. पण काचबिंदूसाठी डोळ्याच्या नसेची जाडी बघतात त्या चार्टमध्ये लाल म्हणजे पातळ. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये असले की लोक घाबरून जातात. शिवाय पीआरपी झालेल्या डोळ्यात नसेच्या जाडीवर लेझरचाही परिणाम होऊ शकतो, म्हणून काचबिंदू बघणाऱ्या डॉक्टरांना लेझर झाल्याचं आवर्जून सांगा.

लेझरचे डाग स्कॅनवर कसे दिसतात

नेहमीच्या लेझरचा डाग दिल्यावर लगेच त्या जागी ओसीटी केलं तर पडद्याच्या बाहेरच्या थरांमध्ये एक उभा पांढुरका पट्टा दिसतो. पुढच्या आठवड्यांत तो पट्टा विरतो आणि तिथली एलिप्सॉइड रेघ तुटलेली दिसते, खालच्या रंगद्रव्याच्या थरातही बदल. काही महिन्यांनी तिथे छोटा पातळ खळगा राहतो. २० मिलिसेकंदांच्या हलक्या डागांमध्ये बाजूच्या पेशी आत सरकून तो खळगा बऱ्यापैकी भरून येताना दिसलाय. उलट जुन्या, जोरदार डागांचे व्रण वर्षानुवर्षं थोडे थोडे पसरू शकतात, म्हणून मॅक्युलाजवळ लेझर झालेल्यांनी "आता दहा वर्षं झाली" म्हणून तपासणी सोडू नये. डाग पसरून मध्याकडे येतोय का हे ऑटोफ्लुरोसन्स नावाच्या फोटोत छान कळतं, त्यात डाय लागत नाही, मेलेली जागा काळी दिसते.

मायक्रोपल्सचं सगळं वेगळं. त्यात ओसीटीवर डाग दिसतच नाही, फोटोत दिसत नाही, दिसू नये हीच अपेक्षा असते. दुसऱ्या ठिकाणी तपासणीला गेल्यावर कुणी म्हणालं की "इथे तर लेझरच दिसत नाही" तर गोंधळू नका, मायक्रोपल्स झाल्याचं सांगा, सेटिंग लिहिलेला कागद दाखवा. त्याचा परिणाम फक्त सुजेवरून मोजतात आणि तोही सावकाश. ब्रिटनमधल्या डायमंड्स नावाच्या अभ्यासात, २०२२ मध्ये छापून आला, ४०० मायक्रॉनपेक्षा कमी सुजेच्या डोळ्यांत मायक्रोपल्स आणि नेहमीचं लेझर दोन वर्षांनी नजरेच्या बाबतीत सारखेच ठरले. ४०० च्या वरच्या सुजेला सहसा इंजेक्शनचाच रस्ता धरतात.

पीआरपी झालं असेल तर ओसीटी एकटं पुरत नाही

मॅक्युलाचं ओसीटी फक्त मधला तुकडा दाखवतं. नवीन नाजूक वाहिन्या नसेच्या तोंडाशी नाहीतर कडेला असतात, त्या सुकल्या का हे बघायला बाहुली मोठी करून तपासणी आणि फोटो लागतात, वाइड-फील्ड कॅमेरा असेल तर एका फोटोत पडद्याचा खूप मोठा भाग येतो. एफएफएमध्ये जिवंत नवीन वाहिनीतून डाय गळतो आणि ती जागा पांढरी फुलते, सुकलेली गळत नाही. ओसीटी-अँजिओग्राफीत डाय न सोडता रक्त कुठून वाहतंय त्याचं जाळं दिसतं, नवीन वाहिन्यांचं जाळं विरळ होताना महिन्या-महिन्याला बघता येतं आणि मॅक्युलात रक्तपुरवठा किती बंद पडलाय तेही कळतं. पण गळती तिच्यात दिसत नाही. त्यामुळे अँजिओग्राफीवाला ओसीटी झाला म्हणजे डायची टेस्ट कधीच नको असं नाही, ते डॉक्टर ठरवतील, आणि किडनी खराब असलेल्या किंवा अॅलर्जीवाल्या पेशंटसाठी हा बिनडायचा पर्याय खरंच मोठा आधार आहे.

हल्ली बरेच जण विचारतात की लेझरऐवजी इंजेक्शनच घेतलं तर? २०१५ मध्ये आलेल्या डीआरसीआरच्या अभ्यासात दोन वर्षांपर्यंत इंजेक्शन पीआरपीपेक्षा कमी पडलं नाही हे खरं आहे. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच डॉक्टरांनी दाखवलं की मध्येच सहा महिन्यांहून जास्त गायब झालेल्या पेशंटमध्ये नुसत्या इंजेक्शनवर असलेल्यांचे डोळे पीआरपीवाल्यांपेक्षा जास्त बिघडले. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर जाणारं घर, मुलगा पुण्यात आणि आईवडील गावाकडे, तारीख चुकणारच अशी परिस्थिती असेल तर ती डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उपचार ठरवताना ती माहिती स्कॅनइतकीच कामाची असते.

किती दिवसांनी काय

पीआरपीच्या बैठका चालू असतील तर प्रत्येक वेळी नजर तपासून घ्या, आणि मधलं वाचताना अंधुक झालं असेल तर पुढच्या बैठकीआधी ओसीटी मागा. शेवटच्या बैठकीनंतर साधारण महिना ते तीन महिन्यांत नवीन वाहिन्या सुकल्या का ते बघतात, उरल्या असतील तर भरणा लेझर, म्हणजे मधल्या राहिलेल्या जागी आणखी डाग, देतात, त्याला पहिलं लेझर चुकलं असं समजू नये. मॅक्युलाच्या फोकल-ग्रिड किंवा मायक्रोपल्सला तीन ते चार महिने द्यावे लागतात, त्याआधी "काहीच फरक नाही" असा निकाल लावू नका, आणि त्याआधी परत लेझरही सहसा देत नाहीत. सोबत इंजेक्शनं चालू असतील तर ओसीटी महिन्या-महिन्याला होतं, तो वेगळा हिशोब. सगळं शांत झाल्यावर चार-सहा महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसं, पण आयुष्यभर. गरोदरपणात शुगरचा पडदा झपाट्याने बदलू शकतो, तेव्हा अंतर कमी करायला लागतं. शुगर एकदम खूप कमी केल्यावर, नवीन इन्शुलिन सुरू केल्यावर सुरुवातीचे काही महिनेही पडदा दाखवून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत तुमचं लेझर बसतं का, कुठल्या हॉस्पिटलमध्ये बसतं, हे आरोग्यमित्राला लेझर करून घेण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही.

फाईल

ओसीटीचे थर्मल किंवा साध्या कागदावरचे प्रिंट पुसट होतात, घडीवर चिरतात. घरी आल्या आल्या चांगल्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या तरी फोनवर ठेवा. जमलं तर हॉस्पिटलकडून रिपोर्टचं पीडीएफ ईमेलवर मागा, प्रिंटपेक्षा त्यात बारकावे जास्त टिकतात. एका वहीत प्रत्येक खेपेची एक ओळ लिहा: तारीख, डोळा, मशीनचं नाव, सिग्नल, सीएसटी, तक्त्याची नजर, त्या महिन्यातला एचबीए१सी आणि बीपी, आणि त्या दिवशी काय केलं, लेझर की इंजेक्शन की काहीच नाही. लेझर असेल तर प्रकार, डागांची संख्या आणि कुठल्या भागात, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. नवीन डॉक्टर तुमचा पडदा पाच मिनिटं बघतात, ही वही त्यांना मागची पाच वर्षं दाखवते.

घरी एकेक डोळा झाकून बघायची सवय लावा, देवघरासमोर, कॅलेंडरसमोर, कुठेही, पण रोज तीच जागा आणि चष्मा लावून. कालनिर्णयच्या चौकटीच्या सरळ रेघा एका डोळ्याने वाकड्या दिसायला लागल्या तर मॅक्युलात काहीतरी बदललंय, पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात स्कॅन करून घ्या. लेझरच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी थोडं अंधुक, चकाकी, डोकं जड होणं हे चालतं. पण अचानक काळ्या जाळ्या किंवा धुरासारखं पसरलं, विजा चमकल्यासारख्या दिसल्या, बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, किंवा डोळा लाल होऊन जोरात दुखायला लागला तर त्याच दिवशी निघायचं, रविवार असला तरी इमर्जन्सी असलेल्या ठिकाणी. डोळ्यात रक्त पसरलं असेल तर ओसीटीचा प्रकाश आतपर्यंत पोचत नाही आणि स्कॅन कोरा येतो, तेव्हा डॉक्टर बी-स्कॅन म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे का ते बघतात, म्हणून निघण्याआधी फोन करून तिथे बी-स्कॅनची सोय आहे का हे विचारून घ्या आणि फाईल, वही, गोळ्यांची यादी तिन्ही सोबत न्या.